तिसऱ्या भागात अडलेले काका

आर्वीला खोली शोधत मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की पगार विचारला नाही. बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, "चतुःसीमा सांगा."

मी गोंधळले. जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. घरमालक काय काय विचारतात याची आईनं तयारी करून दिली होती, पण त्यात हे नव्हतं.

"म्हणजे पूर्वेले कोण, पश्चिमेले कोण," ते म्हणाले. "माणूस कोणाकोणाच्या मधात हाय ते समजलं का माणूस समजते."

मग मी सांगितलं. वडील वर्ध्याला, मोठा भाऊ पुलगावला, मावशी हिंगणघाटला. चौथ्या बाजूला कोणी नाही. ते सगळं त्यांनी एका वहीत लिहून घेतलं आणि चौथ्या ओळीत लिहिलं, "मोकळी जागा." खोली मिळाली.

सगळी हयात त्यांची जमीन मोजण्यात गेली होती. तालुक्यातल्या शेताशेतांतून साखळी ओढून, हद्दीचे दगड शोधून आणि भांडणाऱ्या भावांच्या मधे उभं राहून ते निवृत्त झाले होते. गाव त्यांना मोजणीदार म्हणे. मी काका म्हणायची. घरात काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी कुसुम होती. कुसुम माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती.

काकांना एक नाद होता, पोस्टानं शिकण्याचा. लवकर नोकरी धरल्यानं शाळा पुरी झाली नव्हती, त्याची भरपाई ते करत होते की त्यांना परीक्षाच आवडत होत्या, कोण जाणे. होमिओपॅथीचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं. मधमाशीपालनाचं होतं, मात्र मधमाशांची पेटी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. रेडिओ दुरुस्तीचंही होतं. ते मिळाल्यापासून घरातला रेडिओ बंद होता.

"आता बाकी काय राह्यलं?" काकू एकदा म्हणाल्या.

"देव," काका म्हणाले.

हे त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी एसटी स्टँडवर कोणीतरी एक पत्रक वाटत होतं. ख्रिस्ती धर्मातील देवविषयक शिकवण, घरबसल्या, मोफत. भाग पहिला, देव आहे काय. भाग दुसरा, देव कसा आहे. भाग तिसरा, देवाचा हेतू काय. पत्ता नागपूरचा. काकांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. आणीबाणीच्या वर्षभर आधीची ही गोष्ट.

आठ-दहा दिवसांत पहिले धडे आले. पातळ कागद, ठळक छपाई, शेवटी प्रश्न. काका शाळकरी मुलासारखे वाचायचे. मी शाळेतून आले की चहा घेऊन ओसरीवर बसायचं आणि त्यांना प्रश्न विचारायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते धडे माझेही वाचून झाले. माझ्या घरी देव म्हणजे देव्हाऱ्यातला. त्याला आंघोळ घालायची, फूल वाहायचं. तो आहे का, कसा आहे, त्याला काय हवं आहे, असं क्रमवार कोणी विचारू शकतं याचंच मला नवल वाटायचं.

पहिल्या भागात लिहिलं होतं की विहीर दिसली म्हणजे ती खोदणारा कोणीतरी असलाच पाहिजे, तसंच या सृष्टीचं. काकांनी उत्तर लिहिलं, "विहीर खोदणारा असतो हे मान्य. परंतु ज्या विहिरी खोदल्या एकाने आणि सात-बारावर लागल्या दुसऱ्याच्या नावे, अशा पुष्कळ विहिरी मी पाहिल्या आहेत. तेव्हा खोदणारा आहे एवढेच सिद्ध. तो कोण, हे या कागदावरून सिद्ध होत नाही."

पेपर तपासून आला. दहापैकी सात. खाली हिरव्या शाईत बारीक अक्षर होतं, "म्हणूनच दुसरा भाग आहे. पुढे वाचा."

ती ओळ काकांनी मला तीनदा वाचून दाखवली. "माणूस हुशार हाय," म्हणाले.

दुसऱ्या भागात देव तीन आहेत आणि एक आहे, हे आलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मला ते काही केल्या समजेना. काकांना लगेच समजलं. "सामाईक खातं हाय," ते म्हणाले. "तीन भाऊ, गट नंबर एक, वाटणी झालेली नाई." आणि तसंच लिहून पाठवलं. हिरवी शाई परत आली, "उदाहरण सुंदर, पण चूक. भाऊ तीन माणसे असतात आणि उद्या वाटणी मागू शकतात. देव एकच आहे. अर्धा गुण." चूक निघाल्याचा एवढा आनंद झालेला विद्यार्थी मला पुढे शाळेत कधी भेटला नाही.

पण दुसऱ्या भागात एक प्रश्न असा होता की तिथं काकांचा आवाज बदलला. देव पूर्ण न्यायी आहे आणि पूर्ण दयाळूही आहे, हे कसे? काकांनी चार पानं लिहिली. त्यांचं म्हणणं असं की हे होऊच शकत नाही. हद्दीचा दगड हातभर सरकवला तर एकावर दया होते, पण तेवढाच दुसऱ्यावर अन्याय होतो. आपण सगळ्या नोकरीत एकदाच दया केली होती, एका विधवेचा बांध हातभर पुढं धरला होता, आणि शेजाऱ्याची ती हातभर जमीन अजून आपल्या मनातून जात नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. काकूंनाही नाही. ते त्यांनी नागपूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला लिहिलं.

उत्तर आलं ते एकाच ओळीचं. "दया करणाऱ्याने हातभर जमीन स्वतःच्या शेतातून दिली तर?"

काका दोन दिवस बोलले नाहीत. काकूंना वाटलं, कोणी गेलं की काय. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, देवानं आपला पुत्र वधस्तंभावर दिला, तो धडा पुन्हा काढा. तो मी नीट वाचला नव्हता."

आणि मग तिसरा भाग आला. देवाने माणसाला का निर्माण केले? धड्यात उत्तर छापलेलं होतं, तेच लिहायचं होतं. काकांनी लिहिलं, "माहीत नाही." शून्य मिळालं. त्यांनी तोच पेपर पुन्हा मागवला आणि पुन्हा तेच लिहिलं. फक्त या वेळी कारण दिलं, "दुसऱ्या भागाप्रमाणे देवाजवळ सर्व काही आहे. त्याला कशाचीच उणीव नाही. मग त्याला आमची गरज काय पडली? गरज नसता केले असेल तर तो खेळ आहे. गरज म्हणून केले असेल तर दुसरा भाग खोटा आहे. छापील उत्तर मला पाठ आहे. परंतु ते मला समजले आहे असे लिहिणे म्हणजे न मोजता नकाशा काढणे होईल."

याच सुमारास कुसुमला तळेगावचं स्थळ आलं. मुलगा आर्वीतच सहकारी संस्थेत नोकरीला होता. वडिलांची संत्र्याची मोठी बाग होती. मुलानं कुसुमला येता-जाता पाहिलेलं होतं आणि कुसुमनंही त्याला पाहिलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसता उपचार होता.

ओसरीवर सतरंजी टाकली, पोहे झाले. मुलाचे वडील धिप्पाड होते, बोलायला कमी. बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "एक कानावर आलं ते विचारून घेतो. तुम्ही किरिस्ताव होऊन राह्यले म्हणते गाव."

सगळे काकांकडे पाहू लागले. एक नाही म्हटलं असतं तर संपत होतं.

"अजून ठरलं नाई," काका म्हणाले.

"ठरलं नाई म्हणजे?"

"अभ्यास चालू हाय. दोन भाग झाले, तिसऱ्यात अडलो. मोजणी अर्धी असताना निकाल सांगत नाई मी."

त्या माणसानं बशी खाली ठेवली. कळवतो म्हणाले आणि मंडळी उठली. मुलगा जाताना दारातून दोनदा मागं वळला. कुसुम आत चहाचा ट्रे धरून उभी होती. चहावर साय धरली तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून काकांना म्हटलं, "तुम्ही ख्रिस्ती झालेले नाहीच आहात. मग नाही म्हणायला काय हरकत होती? मुलीसाठी एवढं तर कोणीही करेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावून नाही, नवी माहिती मिळाल्यासारखे. "बाई, तुम्ही शाळेत पोरींले असंच शिकवता?"

पुढे कित्येक वर्षं ते वाक्य आठवलं की मी वर्गात शिकवता शिकवता थांबायची.

संध्याकाळी कुसुम माझ्या खोलीत येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "लग्न मोडलं त्याचं मी पाहून घेईन. पण बाबा मले एक शब्द बोलले नाई, ताई. त्या नागपूरवाल्याले चार-चार पानं लिहिते. अन् मले काय वाटते, हे एकडाव तरी विचारावं का नाई?"

दार उघडं होतं. काका अंगणात तुळशीपाशी उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं, हे आम्हा दोघींनाही त्यांच्या पाठीवरून कळलं.

सकाळी त्यांनी नोकरीतला कोट काढला, टोपी घातली आणि तळेगावच्या गाडीनं गेले. दुपार कलल्यावर परत आले. काकूंनी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "जमलं. त्याईची एकच अट होती. देवाचा अभ्यास बंद. मी शब्द दिला."

मग कुसुमला जवळ बोलावलं. "तुले काय वाटते ते मी विचारलं नाई. चुकलं माह्यं." एवढंच. कुसुमनं मान हलवली आणि भाकरी थापायला गेली. त्या दिवशीच्या भाकरी खारट झाल्या होत्या.

नागपूरला त्यांनी पत्र टाकलं, "वैयक्तिक कारणास्तव माझे नाव कमी करावे. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहे." सगळे धडे लाल कापडाच्या बस्त्यात, कचेरीतल्या दप्तरासारखे बांधले आणि माळ्यावर टाकले.

शब्द पाळायचा म्हणजे किती, हे मी त्या घरात पाहिलं. देवाचा अभ्यास बंद म्हणजे काकांच्या हिशेबी सगळ्याच देवांचा बंद. गणपतीपुढं हात जोडायचे, पण प्रवचन सुरू झालं की उठून यायचे. काकू म्हणाल्या, "देव करो अन् पोरीचं चांगलं होवो," तर म्हणायचे, "चांगलं होवो हे बरोबर. आधीच्यावर मी बोलत नाई." व्याह्यांनी एवढं मागितलं नव्हतं. पण अट कुठपर्यंत जाते हे त्यांना विचारायला जाणं, म्हणजे पुन्हा त्या विषयावर बोलणंच झालं असतं.

लग्न झालं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी, फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, बंद गळ्याचा कोट, खांद्याला कापडी पिशवी, सावळा सुरकुतलेला चेहरा. मी नाव विचारलं तर म्हणाले, "नाव त्यांना ठाऊक नसेल. हिरवी शाई म्हणून सांगा."

काका धावतच बाहेर आले. मग ओसरीच्या पायरीवरच थबकले आणि हात जोडून म्हणाले, "बसा. पण मी शब्द दिलेला हाय. त्या विषयावर मले बोलता येत नाई."

पाहुण्यांनी विचारलं, "मी बोललो आणि तुम्ही नुसतं ऐकलं तर?"

"ऐकणं बी अभ्यासच हाय जी."

पाहुण्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. "खरं आहे," म्हणाले, आणि बसले.

आत काकू ताट हातात घेऊन उभ्या होत्या. ख्रिस्ती पाहुण्याला घरातलं ताट वाढावं की वेगळं ठेवलेलं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्यांनी हातातलं ताट ठेवून दिलं आणि जावयासाठी घेतलेलं नवं ताट काढलं. गोळाभात केला, वांग्याचं भरीत केलं. ओसरीवर दोघं म्हातारे बसले होते आणि दोन तास काका त्यांना संत्र्यांविषयी सांगत होते. कलम कसं बांधतात, पाणी तोडून बाग ताणावर कधी सोडतात, मृगाचा बहार कोणता, आंब्या बहार कोणता. ही सगळी माहिती त्यांनी नव्या व्याह्यांकडून नुकतीच मिळवलेली होती. पाहुणे लक्ष देऊन ऐकत होते, मधूनमधून प्रश्न विचारत होते. दोघांनाही संत्र्यांत काही रस नव्हता.

स्टँडपर्यंत त्यांना पोचवायला मी गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसून ते म्हणाले, "इतकी वर्षं पेपर तपासतो आहे. सगळे छापील उत्तर लिहितात आणि मी पूर्ण गुण देतो. 'माहीत नाही' असं लिहिणारा हा एकच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. कागदावर तेही छापल्यासारखंच दिसायला लागायचं. म्हणून म्हटलं, समोर बसून सांगावं."

"काय उत्तर होतं?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"आज मी न सांगता आलो," ते म्हणाले. "तुमच्या काकूंनी मला जेवायला बसवलं. त्या घरात कशाची उणीव होती म्हणून बसवलं का? रिकाम्या घरातला माणूस सोबत हवी म्हणून कोणाला तरी बोलावतो. भरल्या घराचं तसं नसतं. पिता, पुत्र, आत्मा, त्यांचं घर आधीच भरलेलं होतं, एकमेकांच्या मायेनं. भरलेलं होतं म्हणूनच त्यांनी पंगत मोठी केली. ती गरज नव्हे आणि खेळही नव्हे."

गाडी लागली. चढताना थांबून म्हणाले, "त्यांना हे सांगू नका. शब्द मोडायला लावू नका. मोकळे झाले तर मग सांगा."

मी सांगितलं नाही. रोज चहाच्या वेळी समोर बसून सांगितलं नाही. काकांनीही पाहुणे स्टँडवर काय बोलले ते विचारलं नाही, फक्त एकदा म्हणाले, "गाडीत जागा भेटली होती ना त्याईले?" पुढे माझी बदली हिंगणघाटला झाली. लग्न झालं, संसार सुरू झाला. काकू गेल्याचं कार्ड आलं तेव्हा एकदा जाऊन आले, तेवढंच.

ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांनी कुसुमचं पत्र आलं. तिच्या सासऱ्यांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. काका आता एकटेच, म्हणून लेकीनं त्यांनाही तळेगावला नेलं होतं. काका व्याह्यांना रोजचा पेपर वाचून दाखवत. एक दिवस सासरे म्हणाले, "हे राहू द्या. त्या तिसऱ्या भागात तुमचं काय अडलं होतं, ते सांगा."

"तो विषय बंद हाय," काका म्हणाले.

"बंद मी केला, मीच उघडतो. आता दिवसभर मले दुसरं काम काय हाय?"

काकांनी शेजारच्या दोघांना बोलावून त्यांच्यासमक्ष व्याह्यांकडून ते पुन्हा वदवून घेतलं आणि मगच आर्वीला जाऊन माळ्यावरचा बस्ता आणला. कुसुमनं शेवटी लिहिलं होतं, "ताई, दोघं पहिल्या भागापासून वाचून आता त्याच जागी अडले आहेत. दोघांत भांडणं होतात. सुट्टीत या."

दिवाळीच्या सुट्टीत गेले. दोघं ओसरीवर बसले होते. काका वाळून गेले होते. व्याह्यांनी आवाजावरून मला ओळखलं नाही, तेव्हा काकांनी माझ्या चतुःसीमा सांगितल्या आणि त्यात चौथ्या बाजूला नवऱ्याचं नाव घातलं. चहा झाला. मग मी ते सगळं सांगितलं, जसं स्टँडवर ऐकलं होतं तसं. जवळजवळ दहा वर्षं धरून ठेवलेलं होतं, एक शब्दही सांडला नव्हता.

काकांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग उठून भिंतीशी उभे राहिले.

"मंग त्याईनं उत्तर सोबत आणलं होतं," ते म्हणाले. "अन् मी दोन तास त्याईले कलमा शिकवत बसलो."

"चूक माही हाय," व्याही म्हणाले. "अट मी घातली."

"शब्द माहा होता."

कुसुम दारात उभी होती. मग व्याह्यांनी दृष्टी गेलेला चेहरा रस्त्याच्या बाजूला केला आणि विचारलं, "जिते हायेत का ते?"

"माहीत नाई."

"पाहून येऊ मंग. सकाळी नागपूरची गाडी हाय."

त्यांना बसवून द्यायला मी आणि कुसुम गेलो. काकांनी तोच कोट घातला होता. काखेत लाल बस्ता, एका हातात व्याह्यांचा हात. जुन्या पत्त्यावर कोणी असेल की नाही याचा पत्ता नव्हता. कुसुम म्हणाली, "बाबा, नाई भेटले तर?"

"तर नाई भेटले, हे समजन."

मी दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला परतले. आठवड्यानं कार्ड आलं. मोजणीच्या नकाशावर असतं तसं सरळ, सुटं अक्षर होतं.

"भेट झाली. फार थकले आहेत, ओळखायला वेळ लागला. त्यांच्या सुनेने जेवू घातले. चार तास बोललो. तिसऱ्या भागात व्याही पास झाले. मी अजून नाही. पुन्हा बोलावले आहे."